पुस्तकातला हात

धामण एका टेबलावर मावेना, म्हणून मास्तरांनी दुसरं टेबल जोडून घेतलं.

"किती सांगितलीस?"

"सात हात," जिजा म्हणाली.

भिसेगावच्या रस्त्यावर बैलगाडीखाली मेलेली ही धामण तिनंच पोत्यात घालून कर्जतच्या शाळेत आणली होती. जीवशास्त्राचा तास आज मापांचा होता. एकेकानं एकेक जीव घरच्या मापानं मोजून आणायचा, वर्गात त्याचे फूट-इंच करायचे. कुणी नाकतोडा आणलेला, कुणी चार बोटांचा खेकडा.

बिवलकर मास्तरांनी पुस्तक बघून फळ्यावर लिहिलं : एक हात म्हणजे अठरा इंच. अठरा साते एकशे सव्वीस. साडेदहा फूट. मग तोंडापासून शेपटीपर्यंत लाकडी पट्टी फिरवली. आठ फूट दोन इंच भरली.

"बाकीची धामण कुठं गेली?"

"वाटंत उंदीर धराया उतरली आसंल, मास्तर!" मालोजी ओरडला. पोरं बाकं बडवून हसली.

मास्तर हसले नाहीत. "शास्त्रात फुगवाफुगवी चालत नाही. मुलीला इथं घेतलं हीच माझी चूक. उद्यापासून शिवणाच्या तासाला बैस."

शिवण जिजाला येत होतं. तिला इथं बसायचं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. या बाकासाठी तिनं घरात दोन दिवस ताटाला हात लावला नव्हता, तेव्हा कुठं बाप 'जा' म्हणाला होता.

"मी फुगवली नाय," ती म्हणाली. "मोजली. ही अशी."

तिनं धामणीला लागून हात आडवा ठेवला. कोपर तोंडाशी. बोट जिथं संपलं तिथं पुन्हा कोपर. दुसऱ्या हातापासून पोरंच मोठ्यानं मोजायला लागली. सातव्याला तिचं बोट शेपटीच्या टोकाला टेकलं.

मास्तरांनी पट्टी तिच्या हाताला लावली. कोपरापासून बोटापर्यंत चौदा इंच. चौदा साते अठ्ठ्याण्णव. आठ फूट दोन इंच.

"पन पुस्तकात अठरा दिलाय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"कुनाचा?" जिजानं विचारलं.

ते पुस्तकात नव्हतं. नसतंच कधी. कुणातरी धिप्पाड बाप्याचा हात धरायचा, पुस्तकात छापायचा, आणि मग बाकी सगळ्यांना खोटं पाडायचं.

मास्तरांनी कोटाची बाही वर सारली. स्वतःचा हात टेबलावर ठेवून मोजला. सतरा. पुन्हा मोजला. सतराच. मग मात्र ते मोकळे हसले, फळ्यावरचा अठरा पुसून टाकला आणि पट्टी जिजाच्या हातात दिली.

"सगळ्यांचे मोज. शिवणाला जाऊ नकोस."

पोरांची झुंबड उडाली. वर्गात सगळ्यांत उंच मालोजी. तो बाही सारून पहिला पुढं झाला. दात खाऊन त्यानं बोटं ताणली, हळूच कोपर मागं सरकवलं.

"कोपर जाग्यावर आन," जिजा म्हणाली. "आनि नख धरायचं नाय."

तिनं वाकून पट्टी वाचली.

"पावनेसतरा. सरक बाजूला. चल रं, फुडला कोन?"