शेजारचा ब्रेक

उतार सुरू झाला तसा मामाने उजवा पाय समोरच्या रबरी चटईवर रोवला. तिथे दाबण्यासारखं काही नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे वेगळा ब्रेक असतो आणि मामा एकतीस वर्षं त्याच सीटवर बसत आला होता. पायाला कोण समजावणार?

गाडी लाल, बुटकी, पाच वर्षं वापरलेली. स्टिअरिंगवर लाल दोऱ्याची शिवण, मागे धुराड्याच्या दोन नळ्या, आणि ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवला तरी झेप घेणारी. भाचीला ती बघताक्षणी आवडली होती. मामाने मात्र अर्धा तास खिशातलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून कुठे पुट्टी भरली आहे का ते पाहिलं, ऑइलच्या झाकणाचा वास घेतला, वाकून चारही टायर तपासले. कुठे काही खोट सापडली नाही, तसं त्याचं तोंडच उतरलं.

“ठमे, हळू.”

“चाळीसवर आहे मामा.”

“मला ऐंशी वाटतायत.”

मागे बसलेला जुन्या गाड्यांचा दलाल हसला. “काका, पळायलाच जन्मलीय ही. ताईंना रोज बेचाळीस किलोमीटर जायचंय म्हणता, मग जरा मजा नको का वाटेत?”

सोमवारी सकाळी ही पोर औषधांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघेल, याच उतारावरून जाईल आणि शेजारची सीट रिकामी असेल, एवढंच मामाच्या डोक्यात घोळत होतं. लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झालेले. शिकवलं त्यानेच. तरी त्याला भीती वाटत होती, आणि गाडी निर्दोष निघाल्यापासून तर जास्तच वाटत होती.

उताराच्या तळाशी, गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येत रस्त्यात शिरला.

भाचीला तो दिसला. मामालाही दिसला. मामाने जीव खाऊन चटईवर पाय दाबला. भाची स्टिअरिंग घट्ट धरून सरळ बसून राहिली. ट्रकचं मागचं फळकूट मोठं होत गेलं, त्यावरचे खिळे दिसायला लागले. मामाची पोटरी दुखायला लागली, पण गाडीचा वेग काही कमी होईना.

“ताई!” दलाल किंचाळला.

तेव्हा कुठे तिचा पाय हलला. टायर करकरले, दलालाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि गाडी थांबली. बॉनेट आणि फळकूट यांच्यात वीतभर जागा उरली होती. ट्रकवाल्याने खिडकीतून काही शेलके शब्द सुनावले आणि ट्रक वळवून तो निघून गेला.

“ब्रेक उत्तम आहेत,” दलाल कपाळ चोळत म्हणाला. “तुम्हीच बघितलंत.”

मामा भाचीकडे वळला. “ट्रक दिसला नव्हता का तुला?”

“दिसला होता.”

“मग?”

भाचीचे हात अजून स्टिअरिंगवरून निघत नव्हते. “मी वाट बघत होते.”

“कसली?”

“तुझ्या पायाची. नेहमी तूच दाबतोस ना आधी. मला वाटलं, दाबला असशील. आता थांबेल, आता थांबेल...” आणि ती रडायला लागली.

स्कूलच्या दारावरची पाटी मामाने हौसेने स्वतः रंगवली होती: ‘एकतीस वर्षं, एकही अपघात नाही.’ खोटं नव्हतं ते. त्याच्या गाडीत कुणीच कधी कशाला धडकलं नव्हतं. त्याने धडकूच दिलं नव्हतं. शिकलेली ती सगळी माणसं या घडीला कुठकुठल्या उतारांवर असतील, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो घाईघाईने झटकला.

“मला नको ही गाडी,” भाची नाक पुसत म्हणाली. “मी बसनेच जाईन.”

बरं, असं म्हणायचं मामाच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर त्या रात्री त्याला सुखाची झोप लागली असती.

“गाडी फिरव,” तो म्हणाला. “पुन्हा वर घे.”

वर पोचल्यावर दलाल न सांगता उतरला. “तुम्ही या जाऊन. मला घरी बायको आहे.”

मामाने बूट काढले. मग पट्टा तसाच ठेवून त्या अरुंद सीटवर दोन्ही पाय वर ओढून घेतले. गुडघा दाराला लागला, दुसरा गिअरच्या दांड्याला लागता लागता राहिला.

“मामा, हे काय?”

“खाली फाटकापाशी थांबवायची. मी बोलणार नाही आणि बघणारही नाही.” त्याने दोन्ही घोटे हातांनी गच्च धरले.

“मला भीती वाटतेय.”

“मलाही वाटतेय. चल.”

मामाने डोळे मिटले. रस्त्यावर असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. गाडी निघाली. उतार लागला तसं पोट वर आलं, इंजिनाचा सूर चढत गेला, खिडकीतून वारा घुसला. घोटे धरले होते तरी उजव्या पायाची बोटं वळत होती. डावा घोटा सोडून त्याने ती त्या हाताने दाबून धरली. फाटक आलं असेल. गेलं असेल. ओरडावंसं वाटलं, तसा त्याने ओठ चावला.

मग अंग हलकेच पुढे झुकलं, पट्टा छातीला लागला आणि वारा थांबला.

मामाने डोळे उघडले नाहीत.

“कुणी थांबवली?” त्याने विचारलं.