इंजिनाचा कागद

"कोणाचा शिरोभाग?" चतुराबाईंनी विचारलं.

"इंजिनाचा." कापसाच्या जिनाचे मालक माणिकराव, त्यांचा हा मुलगा उत्तमराव. इंजिन चालू करायची रीत तो चतुराबाईंच्या सांगण्यावरून कागदावर उतरवत होता. त्यानं लिहिलं होतं, 'शिरोभाग यथोचित तप्त झाल्यावर चक्रास गती द्यावी.'

"मंग डोकं म्हणा की! आन् यथोचित म्हंजी किती? मलाच समजंना, तर कोणाला समजंल? खोडा ते."

हिंगोलीच्या त्या जिनातलं इंजिन चालू करणं एकट्या संतरामला जमायचं. तो चतुराबाईंचा मुलगा. कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता.

"डोकं किती तापवतोस रे?"

"पळसाच्या फुलावानी लाल होईस्तोवर," तो पुटपुटला. "माय, समदं सांगून टाकल्यावर मला कोण ठेवील? माझी भाकर काहून हिसकून राहिलीस?"

"थकले मी तुझ्या रडगाण्याला. चाक कोणीकडं फिरवतोस ते सांग."

चाक उलटं फिरलं तर हात मोडतो, हे उत्तमरावनं तळाशी लिहिलं. चतुराबाईंनी ते वर घ्यायला लावलं.

"हात मोडल्यावर वाचायचं का ते?"

दिवसभर कागद फाटत राहिले. चतुराबाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायच्या आणि जिथं अडायचं तिथं हात वर करायच्या. शेवटी म्हणाल्या, "संतराम, बाहेर हो. उत्तमराव, तुमीच वाचा, तुमीच चालू करा."

इंजिन धडधडलं. उत्तमराव लेकरासारखा हसला. माणिकराव धावत आले आणि त्या दिवसापासून बाजारभर सांगत सुटले, "माझा उत्तम इंजिन चालवतो!"

त्याच हप्त्यात त्यांनी संतरामला काढून टाकलं. संतराम आईशी बोलेना. तिनं वाढलेल्या ताटावरून उठून जाई. चतुराबाई ताट झाकून ठेवत आणि गुडघे चोळत बसत.

पुढच्या हप्त्यात माणिकराव त्यांच्या दारात आले. बरोबर फौजेचा मुन्शी होता.

"संतराम, सामान बांध," माणिकराव म्हणाले. "इंजिन लढाईवर चाललंय, बर्माच्या सरहद्दीवर. करार मागच्याच महिन्यात झाला. इंजिन चालवणारा माणूस संगं द्यायचा हाय."

संतराम उठून उभा राहिला. कराराची कुणकुण चतुराबाईंना तेव्हाच लागली होती; त्या सावकाश उंबऱ्यावर येऊन बसल्या. दार अडलं.

"मुन्शीसायेब," त्या म्हणाल्या, "ह्याला तर मालकांनी कामावरून काढलंय. इंजिन कोण चालवतं, ते बाजारात कोणालाबी पुसा."