पाच अँपिअरची तार

"वहिनी, माझी पेटी तेवढी द्या की. सहाची गाडी हाय," अमरेश उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

तेजश्रीनं वळून देवघराकडे पाहिलं. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. कस्तुराबाईंनी मान वर केली नाही, पण बोटातला मणी जागच्या जागी थांबला.

"आत तरी या, भावजी. चहा टाकते."

"आईनं बोलावलं तर येतो." तो हसला. "आता पुण्यालाच राहणार. टेंभुर्णीचं काम सोडलं."

तो जवळच टेंभुर्णीला होता तोवर तेजश्रीला वाटायचं, या सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी खरं सांगू. पुढचा सोमवार, पुढचा सोमवार करत दीड वर्ष गेलं. आता हा चालला, तो तिचं पाप डोक्यावर घेऊन चालला.

दीड वर्षापूर्वीच्या त्या सकाळी इस्त्री तिनं चालू ठेवली होती. अमरेश आपल्या शर्टला इस्त्री करून बाहेर पडला, मग तिनं साडी घेतली, तेवढ्यात शिकवणीची मुलं आली. इस्त्री चादरींच्या गठ्ठ्यावर तशीच राहिली. मधली खोली जळाली, घरचा जुना हातमाग जळाला. माग वाचवायला धावलेल्या आईंचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

अमरेश कोपऱ्यावरून धावत आला होता. त्यानंच आईला ओढून बाहेर काढलं, बोर्डावरचा फ्यूज उपसला. आग विझल्यावर तो काही बोलायला आईसमोर येऊन उभा राहिला, पण त्या माउलीनं बोलू दिलं नाही.

"वायरमन म्हनवतोस आन् इस्त्री चालू ठिवून जातोस? जा. माजा उंबरा चढू नगंस!"

तेजश्री शेजारीच उभी होती. इस्त्री आपण चालू ठेवली, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

त्या दिवसापासून आईंनी मीठ सोडलं. लेकावरचा राग हो, म्हणाले सगळे. तेजश्रीनं गुपचूप सोमवार धरले.

आणि फ्यूज उपसला तसा देवघरातला दिवाही गेला होता. दीपक, तेजश्रीचा नवरा, मोठ्या दुखण्यातून उठावा म्हणून आईंनी सिद्धरामेश्वराला अखंड दिव्याचा नवस बोलला होता. तेलाचा दिवा मांजर लवंडतं, म्हणून छोटा विजेचा दिवा. "वरनं लाईट गेली तर देवाची मर्जी, समई लावंन. पन घरचा फ्यूज उडून इझला, तर त्यो आपला दोष," असं त्यांचं शास्त्र.

नवसाआधी फ्यूज दिवसाआड उडायचा. आईंच्या अंघोळीचं पाणी तापवायची कॉइल आणि इस्त्री एकदम लागली की घर अंधारात. नवस बोलला, आणि फ्यूज उडायचा थांबला तो थांबलाच. "सिद्धरामानं झेललं गं," आई गल्लीभर सांगायच्या. तेजश्री मुलांना विज्ञान शिकवायची, पण घरात आलेल्या कृपेला कुणी गणित लावतं का?

तसं आईंचं प्रत्येक काम देवाचंच. आधी कुंकवाचं बोट, मग हात. नव्या सिलिंडरला कुंकू, मिक्सरला कुंकू. "मीटरलापन लाव की आई, रीडिंग कमी यील," अमरेश चिडवायचा, आणि आई त्याला लाटणं दाखवायच्या.

तेजश्री स्टुलावर चढली. त्या दिवशी घरातच राहिलेली पेटी माळ्यावरून ओढताना झाकण उघडलं. पक्कड, टेस्टर, चिमट्यासारखा तो मीटर. याच मीटरनं त्यानं एकदा तिच्या मुलांना घरातल्या वस्तूंचा करंट मोजून दाखवला होता. आणि तळाशी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

बोर्डावरचा जुना फ्यूज होता तो, आगीच्या दिवशी अमरेशनं उपसलेला. चिनी मातीचा, काजळी धरलेला. त्यात पाच अँपिअरची, केसासारखी बारीक तार असायला हवी होती. होती ती तांब्याची जाड, दुहेरी पिळलेली तार. न वितळलेली.

ती स्टुलावरच बसली. फळ्यावर मांडावं तसं गणित डोळ्यांपुढे उभं राहिलं. दोनशे तीस व्होल्ट. इस्त्रीचा करंट चार पूर्णांक तीन दशांश अँपिअर. भागिलं तर रोध साडेत्रेपन्न ओहम, गुणिलं तर शक्ती हजारभर वॅट. कॉइलचा करंट साडेसहा. रोध पस्तीस ओहम, शक्ती दीड हजार वॅट. त्या सकाळी आईंचं पाणी तापत होतं, म्हणजे दोन्ही चालू. करंट अकराच्या घरात. पाच अँपिअरची तार असती तर लगेच वितळली असती, आणि विसरलेली इस्त्री गठ्ठ्यावर गार पडली असती.

आग इस्त्रीनं नव्हे, या तारेनं लावली होती.

आणि या घरात फ्यूजला हात लावणारा वायरमन एकच होता. म्हणून तो गप्प राहिला! म्हणून एका शब्दानं भांडला नाही!

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो असा उतरला याचीच तिला लाज वाटली, पण उतरला खरा. आता काही सांगायला नको. सोमवारही सोडता येतील. पेटी द्यायची, सुखानं जा म्हणायचं.

"मिळाली का वहिनी?" बाहेरून हाक आली.

"आले, आले!"

ती घाईनं फ्यूज रुमालात गुंडाळू लागली. ढिला झालेला स्क्रू बोटाला लागला आणि ती जाड तार खाचेतून एका बाजूला सरकली.

तारेच्या खाली, जिथं काजळी पोचली नव्हती, तिथं कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.