थोरलीची खोली

"वेलकम बॅक, आचल मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि नत्थुजींनी मागं वळून पाहिलं. मॅडम म्हणजे आपलीच थोरली पोरगी, हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला.

अकोल्यातलं मोठं हॉटेल ते. फरशी अशी चकचकीत की नत्थुजी नुकत्या सारवलेल्या ओट्यावरून चालावं तसे पाय जपून टाकत होते. उद्या धाकट्या सीमाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. अमरावतीहून आलेल्या नवरदेवाकडच्या मंडळींचा जानोसा, राहायचा मुक्काम, आचलनं इथंच ठेवला होता. नांदगाव पेठेच्या एका कापड कंपनीत ती माल विकायचं काम करते. आज सुरत, उद्या इंदूर, परवा आणखी कुठं. जिथं जाईल तिथं ती याच हॉटेलच्या शाखेत उतरायची; प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट तिच्या हॉटेलच्या कार्डावर साचत गेले आणि आज सगळ्या खोल्या त्याच पॉइंटांवर मिळाल्या. नत्थुजींनी दोनदा खिशात हात घातला. पाकीट बाहेर काढायची वेळच आली नाही.

नवरदेवाचे वडील महादेवराव सोफ्यावर ऐसपैस बसले होते. माणूस वाईट नव्हे. पण पोराचा बाप झाला की आपल्याकडं भल्याभल्यांची मान ताठ होते, त्याला कोण काय करणार! सीमाला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "थोरली म्हणे कायम हॉटेलातच राह्यते?" नत्थुजींनी तेव्हा मान खाली घातली होती. ते बोलणं त्यांच्या मनातून अजून गेलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्या कार्डावर तुम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा सूट दिलाय," मुलगी म्हणाली. "बसायची खोली वेगळी आहे. आईबाबाही तुमच्यासोबत राहू शकतात."

सूट म्हणजे काय ते नत्थुजींना कळलं नाही, पण सगळ्यात वरचा म्हणजे सगळ्यात भारी, हे महादेवरावांना बरोबर कळलं. ते उठून काउंटरपाशी आले.

"मंग थे आमाले द्या. आमी पोराकडचे."

"सर, ज्यांचं कार्ड त्यांनाच तो मिळतो."

"कार्ड-बिर्ड राहू द्या वो बाई. रीत म्हणून काही असते का नाई? पोरीवाले वरतं, अन् पोराचा बाप खालतं झोपन?"

बाप्पा! आता काय बोलावं? आचलच्या आईनं, लीलाबाईंनी, नत्थुजींच्या सदऱ्याची बाही ओढली. "देऊन टाका ना जी," त्या हळूच म्हणाल्या. "आज रुसवा नको. पोरीले उद्या त्याइच्याच घरी नांदाचं हाय."

"हो बाबा, देऊ त्याइले," आचल म्हणाली. "मले काय, कुठंबी झोप लागते."

खोलीची चावी, म्हणजे ते पातळसं कार्ड, काउंटरवर पडलं होतं. नत्थुजींनी हात पुढं केला. पाहुण्यापुढं आपलं चांगलं ते ठेवायचं, हीच सवय जन्मभराची. चावी उचलून व्याह्यांकडं देणार, तेवढ्यात त्यांनी आचलकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. पोह्यांच्या दिवशी त्यांनी घातली होती, तशीच.

त्यांना एकदम फार वाईट वाटलं. आणि मग राग आला, तो स्वतःचाच.

त्यांनी चावी आचलच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटवली.

"इवाईबुवा," ते व्याह्यांना म्हणाले. "थोरली कायम हॉटेलात राह्यते, असं तुमीच म्हटलं होतं. खरं हाय. परक्या गावात एकटी राहून काम केलं तिनं, तवा हे भेटलं. तुमी आज ज्या खोलीत झोपसान, थेबी तिच्याच कमाईची. मान पाहिजे तं हुकूम करा. पाय धुतो, फेटा बांधतो, पंगतीत पयलं ताट तुमचं. पण हे खोली मानाची नाई जी, मेहनतीची हाय. थे मले देता येत नाई. मायी नाईच थे."

लीलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सगळं बोलून झालं. साक्षगंध मोडलं तर सीमाला काय तोंड दाखवायचं, हे आत्ता कुठं नत्थुजींच्या डोक्यात आलं. पण ऊर मात्र भरून आला होता, असा कधी भरला नव्हता.

"चहाले वरतं या," ते जरा दमानं म्हणाले. "थोरलीच्या घरी."

महादेवरावांनी आपली बॅग उचलली आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीकडं निघून गेले.

वर आल्यावर नत्थुजी खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. लीलाबाईंनी चिवड्याचा डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आचलनं किटलीत पाणी गरम करून चहा केला. कोणी कप उचलेना. चहा निवून गेला, तिनं दुसरं पाणी ठेवलं.

तेवढ्यात बेल वाजली. नत्थुजींनी धावत जाऊन दार उघडलं.

महादेवराव बाहेर उभे होते. हॉटेलच्या त्या गालिच्यावर वाकून त्यांनी आधी एक जोडा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही दाराच्या कडेला नीट लावून ठेवले.

"आचलबाई हायेत का घरी?" त्यांनी विचारलं.