बातमीखालची ओळ

"ही ओळ काढून टाकू का, साहेब?" मुद्रितशोधक बाईंनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

"कोणती?" संपादकांनी मान वर केली नाही.

"'नळासमोर बादल्या उन्हात उभ्या होत्या, माणसं सावलीत.' यंत्राला ऊन-सावली कधीपासून कळायला लागली? चोरीची ओळ आहे ही. आमच्या ह्यांची."

संपादकांनी पुढचा कागद ओढला.

बाईंचा नवरा याच दैनिकाचा जुना बातमीदार. मालकांनी बातम्या लिहिणारं यंत्र आणलं आणि त्याला घरी बसवलं. पहिल्याच आठवड्यात यंत्राने एका धडधाकट शाळामास्तरांना श्रद्धांजली वाहिली. मास्तर स्वतः आले, चहा प्यायले, खुलासा देऊन गेले. मग संपादकांनी म्हणे यंत्रात थोडी दुरुस्ती करून घेतली. तेव्हापासून ते शहाण्यासारखं लिहायला लागलं. प्रत्येक बातमीखाली मात्र एक ओळ असायची: 'ही बातमी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केली आहे.' प्रामाणिकपणा म्हणून.

बाईंना त्या लिखाणातला हात पहिल्याच दिवशी ओळखू आला होता. ह्यांच्या जुन्या बातम्या यंत्राला खाऊ घातल्या असणार. माणूस हाकलायचा आणि त्याचा हात तेवढा ठेवून घ्यायचा!

"मालकांनी तुमचं मत मागितलंय," संपादक म्हणाले. "यंत्राचं लिखाण रोज तुम्हीच तपासता, तेव्हा ते ठेवायचं की बंद करायचं. त्यांनाही आता कंटाळा आलाय. तुम्ही म्हणाल तसं करतील."

"बंद करा."

"दमानं घ्या, बाई. तसं कामाला वाईट नाही ते."

"परवा दिवसभर ढिम्म हललं नाही. पानं कोणी भरली? मी."

"होतं कधीकधी. बिघडतं." संपादकांनी डोळे चोळले. "तुमचंच नुकसान होईल हो."

"माझं आणखी काय व्हायचं राहिलंय?"

बाईंनी तिथेच बसून मत लिहिलं. दुसऱ्याचं लिखाण यंत्राच्या नावावर खपवलं जात आहे, ही वाचकांची शुद्ध फसवणूक आहे. संपादकांनी ते वाचलं आणि आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे," ते दमलेल्या आवाजात म्हणाले, आणि कागद मालकांकडे पाठवला.

बाई निघण्याआधीच हुकूम आला. यंत्र आजपासून बंद.

बऱ्याच दिवसांनी त्या गुणगुणत घराचा जिना चढल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. नोकरी गेल्यापासून नवरा एका मालवाहतूक कंपनीची पत्रं लिहून द्यायचा. त्या कामाबद्दल विचारलेलं त्याला खपत नसे. बाईही विचारत नसत. जखमेवर मीठ कशाला चोळायचं? यंत्राचं लिखाण आपण दिवसभर तपासतो, हा विषय बाईही घरात काढत नसत. घरात पेपर येणं तर त्याने कधीच बंद केलं होतं.

"अहो, अंग गरम नाही ना? परवासारखे पडून नाही ना राहिलात?"

"नाही गं. ताप गेला. सकाळपासून बसलोय कामाला."

"मग आता ऐका. तुमचा सूड घेऊन आलेय मी." बाई त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

त्याची बोटं कळांवर थांबली.

"बंद? आजपासून?"

"आजपासून. माझ्या सहीनं!"

टेबलावरचा फोन थरथरला. त्याने तो पालथा घातला.

"छान केलंस," तो म्हणाला. मग पुन्हा, "अगं, छानच केलंस."

"नुसतं छान काय? हसा तरी जरा!" बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नजर मात्र सवयीने समोरच्या मजकुरावर गेली. चूक शोधायची सवय, दुसरं काय.

रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल काहीतरी अर्धवट लिहिलेलं होतं. शेवटची ओळ तेवढी आधीच टाइप करून ठेवली होती: 'ही बातमी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केली आहे.'