कापलेला दस्ता

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणांच्या शिकारीचा हंगाम चार दिवसांवर आला होता. म्हाताऱ्या एलवूडने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन बंदुका मांडल्या आणि नावांच्या चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. मोठी बंदूक मुलाला, डेलला. दुनळी मुलीला, लॉर्नाला. तिसरी वेंडेलची, ती आता लॉर्नाच्या पोरीला.

एलवूडचा दुसरा मुलगा वेंडेल नऊ वर्षांचा असताना तापाने गेला, त्याला तीस वर्षं झाली. घरात तांबड्या केसांचा तो एकटाच. त्याच्या हाताला बसावा म्हणून एलवूडने बंदुकीचा लाकडी दस्ता दोन इंच कापला होता. पोरगं वाढलं की परत चिकटवू, म्हणून तुकडा कॉफीच्या डब्यात जपला होता.

लॉर्नाने ती बंदूक सहज खांद्याला लावून पाहिली. "बाबा, ही मलाच लांब होतेय. पोरीला कसली झेपतेय!"

"काहीतरीच काय. आण इकडे."

त्याचंही बोट चापापर्यंत पोचेना. दस्त्यावर कुठे जोड नव्हता. अक्रोडाचं लाकूड सलग होतं. त्याने डबा उघडला. तुकडा आतच होता.

"डेलला होईल?" त्याने पाऊसपाण्याचं विचारावं तसं विचारलं.

"छे! त्याच्याहून वीतभर उंच माणूस लागेल."

एलवूडने चिठ्ठीवरचं नातीचं नाव खोडलं आणि 'वेंडेल' लिहिलं.

दस्त्यावर गाल टेकतात तिथे काहीतरी चिकटलं होतं. लॉर्नाने ते नखाने उचलून उजेडात धरलं. दाढीचा केस होता. तांबडा, आणि मुळाशी पांढरा होत आलेला.