बॉनेटवरचे आरसे

त्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचे आरसे दारावर नव्हते, पुढे बॉनेटच्या टोकाशी होते. असे आरसे जुळवायला दोन माणसं लागतात. एकाने स्टिअरिंगपाशी बसून सांगायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून फिरवायचं. नुमाझू या जपानी शहरातल्या त्या गॅरेजात इसोगाई आणि त्याची बायको सुमिए वर्षानुवर्षं हेच करत आले होते.

इंजिन बसवता बसवता इसोगाईच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

"बस गं एकदाची," तो म्हणाला.

सुमिए आत बसली. "थोडा बाहेर. अहो, थोडा म्हटलं! हं, आता वर. बास. दिसलात."

"मी कसा दिसेन? आरशात मागचं दिसतं."

"मागेच तर उभे आहात. शटरपाशी."

इसोगाईने मान वर केली. तो बॉनेटपुढेच होता, हातात पान्हा घेऊन. गाडीमागे अर्ध्या उघड्या शटरखाली नुसतं ऊन पडलं होतं.

"डोळे तपासून घे." त्याला हसायचंही त्राण नव्हतं.

सुमिएची नजर आरशावरून हलली नाही. "किती दिवसांनी चेहरा ताजातवाना दिसतोय तुमचा! झोप झाली वाटतं."

ती उतरली आणि त्याच्याकडे न बघताच मागे चालत गेली.

"सुमिए!" त्याने हाक मारली.

ती शटरपाशी थांबली. समोरच्या रिकाम्या उन्हाकडे बघून तिने हळूच विचारलं, "अहो, तुमच्या आवाजात आतून मला हाक कोण मारतंय?"